हरिहरेश्वराचा कातळ

पुणे, रविवार रात्र.

ताम्हिणी घाट उतरून, माणगाव-म्हसळ्याच्या वाटेने हरिहरेश्वरी पोहोचलो. पेशव्यांच्या या कुलदैवताचे दर्शन घेऊन आणि काळभैरवापुढे मस्तक नमवून, मंदिरामागील टेकडीच्या खिंडीतून पायऱ्या उतरलो, तेव्हा ओहोटीने उघडा केलेला जो विस्तीर्ण पाषाणपट समोर आला, त्याने वाणी कुंठित झाली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने घडविलेल्या या दख्खनी कातळाला लाटांनी तासून सपाट केले आहे; आणि खारे पाणी रंध्रांत शिरून, सुकून, मिठाचे स्फटिक वाढता वाढता दगड कणाकणाने सुटत गेल्यामुळे कड्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. ज्यात आमच्या पुण्याचे पाताळेश्वर लेणे कोरले गेले, त्याच जातीचा हा पाषाण. तेथे काम शिल्पकारांचे, येथे सागराचे. या शिळांवरूनच देवाची प्रदक्षिणा घालण्याची जी वहिवाट पूर्वजांनी पाडली, तीत भक्ती आणि निसर्गदर्शन एकरूप झाली आहेत, असे मला मनोमन वाटते. परंतु ही वाट ओहोटीपुरतीच मोकळी असते आणि भरतीच्या लाटांनी येथे माणसांचे बळी घेतले आहेत. म्हणून जो कोणी तेथे जाईल, त्याने आधी ग्रामस्थांना भरतीची वेळ विचारावी आणि त्यांचा शब्द प्रमाण मानावा.