दालन हेही वाद्यच

हॅम्बुर्ग शहरात एल्बे नदीच्या काठी कोको, चहा आणि तंबाखू साठवण्यासाठी 1960च्या दशकात बांधलेल्या विटांच्या गोदामाच्या माथ्यावर 11 जानेवारी 2017 रोजी ‘एल्बफिलहार्मोनी’ हे संगीतगृह सुरू झाले. त्यातील सुमारे 2100 आसनांच्या मोठ्या दालनाचा बोलबाला अधिक असला, तरी भजनी मंडळात कान तयार झालेल्या, पुणे जिल्ह्यातील पणदरे गावच्या स्थलांतरिताला शेजारचे 550 आसनांचे छोटे दालनच जवळचे वाटावे. कारण तेथे ‘चेंबर ऑर्केस्ट्रा’, म्हणजे शंभरेक वादकांच्या ताफ्याऐवजी पंधरा ते चाळीस वादकांचा, मुळात वाड्यामहालातील दालनासाठी घडलेला वाद्यवृंद वाजतो.

या दालनाचा पहिला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ‘एन्साम्बल रेझोनान्झ’ या तंतुवाद्यांच्या वृंदाने संगीतकार गेओर्ग फ्रीडरिश हास यांच्या नव्या रचनेसह सादर केला. या वृंदाचे स्वतःचे ठिकाण 2014पासून दुसऱ्या महायुद्धातील एका जाडजूड काँक्रीटच्या बंकरमध्ये आहे. तेथून छोट्या दालनाच्या ओक लाकडात लाटांसारख्या कोरलेल्या भिंतींमध्ये येणे म्हणजे हातातील वाद्य तेच ठेवून दुसरे वाद्य शिकणे होय.

याचे कारण निनादात आहे. वादन थांबल्यावरही भिंतींवरून परतणारा नाद काही काळ रेंगाळतो; त्याची ऊर्जा दहा लाखाव्या हिश्शावर येईपर्यंतच्या अवधीला निनादकाल म्हणतात. देवळाच्या दगडी सभामंडपात पखवाजाचे बोल एकमेकांत मिसळतात म्हणून लय आवरती घ्यावी लागते, तर जत्रेच्या कापडी मांडवात तोच ठेका कोरडा पडतो. व्हायोलिनवादकही नव्या दालनात याच हिशेबाने गजाचा दाब कमी-अधिक करतो, सुरांमधील विराम लांबवतो आणि शेजाऱ्याचा सूर कधी कानी येतो ते नव्याने जोखतो. यासुहिसा टोयोटा यांच्या ध्वनियोजनेतील ही दालने स्प्रिंगांवर तोललेली असल्याने बंदरातील जहाजांचे भोंगे आत पोहोचत नाहीत; त्यामुळे गज तारेवर टेकताना होणारी खरखरही लपत नाही. मुंबईत 1980 साली सुरू झालेल्या टाटा थिएटरमागेही ध्वनिवर्धकाविना वाद्य ऐकू यावे हाच विचार होता.

गावाकडे नीरा डाव्या कालव्यापलीकडच्या रानात हाक पोहोचवणाऱ्या गळ्यालाही जर्मन शहरात असेच नव्याने शिकावे लागते, कारण तेथे रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळण्याचा दंडक आहे, आणि सदनिकेच्या भिंतीपलीकडे शेजारी असतो. दालनाचा खरा नाद मात्र तालमीत पुरता कळत नाही. श्रोते येऊन बसले की त्यांची अंगे आणि कपडे नाद शोषतात आणि आदल्या दिवशी बसवलेला तोल पुन्हा थोडा हलतो. पुण्यात वर्ग लावून जर्मन शिकलेल्या आणि हॅम्बुर्गच्या पावाच्या दुकानात रांगेत प्रथमच तोंड उघडणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.