आर्गॉन मारून द्या

अॅल्युमिनियमची तडकलेली फ्रेम दुकानात आली की मागणी ठरलेली असते : 'जरा आर्गॉन मारून द्या', म्हणजे वेल्डिंग करून द्या. मी नाही म्हणतो, तेव्हा माणूस खट्टू होतो. त्याने लोखंडी सायकली पाहिलेल्या असतात. त्यांना पितळेची झाळ मारली की दुधाच्या किटल्या टांगून त्या पुन्हा वर्षानुवर्षं धावत.

पोलादाचं एक बरं असतं. ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला, तर तो कितीही वेळा आला तरी पोलाद थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. प्रत्येक खड्डा, पेडलवरचा प्रत्येक दाब त्याच्या खाती जमा होत जातो. म्हणून फ्रेम मुळात लवूच नये अशी बांधावी लागते. हा धातू पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचा, पण ताठपणाही एक तृतीयांशच. मात्र नळीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर ताठपणा जवळपास आठपट होतो. कॅननडेल कंपनीने १९८३ साली आणलेल्या सायकलीच्या नळ्या जाडजूड दिसत, त्या यासाठी. मला ती बांधणी आजही सुंदर वाटते.

खरी अडचण सांध्यात आहे. ६०६१ या मिश्रधातूची ताकद भट्टीतून येते. सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवायचं, मग १७५ अंशांच्या आसपास काही तास ठेवायचं. वेल्डिंगची आच लागली की सांध्याच्या कडेची पट्टी मऊ पडते, म्हणून कारखान्यात जोडणीनंतर अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीतून काढतात. माझ्याकडे तशी भट्टी नाही. मी नुसता टाका मारला, तर नवी चीर त्या टाक्याशेजारीच पडणार. ती हेड ट्यूबच्या मागे असेल, तर उतारावर हँडल हातात येईल.

तुटलेला तुकडा मी गिऱ्हाइकाला उन्हात धरून दाखवतो. काही भाग गुळगुळीत, त्यावर बारीक वळ्या, उरलेला खरबरीत. गुळगुळीत भागात चीर हळूहळू सरकत होती, खरबरीत भाग शेवटच्या धक्क्याला गेला. म्हणजे इशारा बराच आधी मिळाला होता. फ्रेम पुसताना वेल्डच्या कडेला रंगात केसाएवढी रेघ दिसते का, ते बघा. पेडलच्या ब्रॅकेटजवळ बघा. सीटपोस्ट खुणेच्या वर ओढला असेल, तर सीट ट्यूबचं तोंड आधी बघा.

चाकं, फोर्क, गिअर दुसऱ्या फ्रेमवर चढवून देतो. जुनी फ्रेम मालकाच्या परवानगीने करवतीने कापूनच भंगारात टाकतो, नाहीतर कोणीतरी तिला रंग मारून एखाद्या शाळकरी पोराला विकतो.