गरम पाण्यातला पांढरा गाळ

शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकात दोन शब्द होते : सुफेन आणि दुष्फेन. ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येतो ते सुफेन. ज्यात येत नाही ते दुष्फेन. हे वाक्य आम्ही पाठ केले, परीक्षेत लिहिले, दोन गुण मिळवले आणि पुढच्या धड्याकडे वळलो. बेळगावात राकसकोपच्या पाण्यावर वाढलेल्या मुलीला दुष्फेन पाणी भेटायचे तरी कुठे? ते मला भेटले गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, इंदूरला, मावशीच्या घरी.

होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी घरे नांदत आली आहेत. मावशीचे सासर त्यांपैकीच एक. लोकमान्यनगरात त्यांचे दुमजली घर आहे. खाली मावशी, काका आणि आजी, म्हणजे मावशीच्या सासूबाई. वर दादा, वहिनी आणि त्यांचे चार महिन्यांचे बाळ. दोन मजल्यांना दोन गीझर. वरच्या गीझरच्या पाण्यात महिनाभर पांढरे कण येत होते. बादली भरून ठेवली की तळाशी पिठासारखा गाळ बसे. कधी अंड्याच्या कवचासारखे पापुद्रेही येत.

वहिनी घाबरून गेली होती. बाळाचे अंग कोरडे पडले होते आणि तिला वाटे, हे या पांढऱ्या विषामुळेच. म्हणून ती खालच्या गॅसवर पाणी तापवी आणि कढत पाण्याचे पातेले दोन्ही हातांनी धरून जिना चढे. मला त्या गाळापेक्षा त्या पातेल्याचीच भीती जास्त वाटली.

घरात प्रत्येकाचा एक सिद्धान्त होता. काका म्हणत, पाण्यात औषध जास्त पडते. दादाच्या मते गीझरच बनावट. वहिनीला वाटे, आतले प्लॅस्टिक झिजून येते आहे. दुरुस्तीवाला येऊन गेला होता, त्याने झाकणही न उघडता निकाल दिला, “टाकी आतून सडली, नवीन घ्या.” घरात बाळंतपणाचा खर्च नुकताच होऊन गेलेला. तरी दादा बिचारा पैसे काढायला निघाला होता.

“दादा, दोन दिवस थांब,” मी म्हटले. “आपण आधी पाण्यालाच विचारू या.”

पाण्याला विचारायचे म्हणजे एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. पहिला प्रश्न असा : गाळ गार पाण्यातही येतो की फक्त गरम? काचेचे दोन पेले घेतले. गार पाणी स्वच्छ राहिले. गरम पाण्याच्या पेल्यात गाळ बसला. म्हणजे जे काही घडते ते तापवताना घडते. काकांचे औषध बाद झाले, कारण ते पडले असते तर दोन्हीकडे सारखे पडले असते.

दुसरा प्रश्न : हा गाळच आहे की नुसती हवा? गरम पाणी कधी कधी दुधासारखे दिसते. त्यात बारीक बुडबुडे असतात. तसे असेल तर पेला तळाकडून वर निवळत जातो आणि खाली काही उरत नाही. इथे तर तळाशी चिमूटभर कण उरले होते.

तिसरा प्रश्न : हे कण कशाचे? मावशीकडून व्हिनेगर मागून घेतले आणि कणांवर दोन चमचे ओतले. बारीक फसफस झाली आणि कण विरघळून गेले. प्लॅस्टिक असते तर तसेच राहिले असते. गीझरमध्ये गंज रोखण्यासाठी धातूची एक कांडी असते. ती ॲल्युमिनियमची असली तर तिच्यापासून कधी कधी गिळगिळीत, जेलीसारखा गाळ तयार होतो, पण तो असा फसफसत नाही. फसफसणारा पांढरा कण म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडी म्हणा ना. शंख, अंड्याचे कवच, संगमरवर ही सारी त्याचीच रूपे. विष नव्हे!

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला : खालच्या गीझरला हे का होत नाही? तो तर सात वर्षांचा म्हातारा. वरचा जेमतेम दीड वर्षाचा. याचे उत्तर गच्चीवर सापडले. तिथे दोन टाक्या आहेत. जुनी टाकी खालच्या मजल्याला पाणी देते आणि ती नर्मदेच्या नळाने भरते. वरचा मजला बांधला तेव्हा दुसरी टाकी बसवली. ती बोरिंगच्या पाण्याने भरते. एकाच घरात दोन पाणी नांदत होते आणि हे सर्वांना ठाऊक होते. पण गीझरशी त्याचा संबंध कोणी जोडला नव्हता.

इंदुरात ‘नर्मदा’ हे नदीचे नाव आहे तसेच नळाचेही. “आज नर्मदा आली का?” असे शेजारणी एकमेकींना विचारतात. पूर्वी शहराची तहान बिलावली तलाव आणि १९३९ साली बांधलेला यशवंतसागर यांच्यावर भागत असे. शहर वाढले, पाणी पुरेना. १९७० साली नर्मदेचे पाणी इंदूरला आणा म्हणून लोकांनी मोठे आंदोलन केले आणि १९७८ मध्ये ते पाणी शहरात पोहोचले. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर तोडून, विंध्याची चढण पंपांनी चढून ते माळव्याच्या पठारावर येते. आजी त्या आंदोलनाच्या वेळी नव्या नवरी होत्या. “डोक्यावर हंडे घेऊन बायका निघाल्या होत्या गं,” त्या सांगू लागल्या की थांबत नाहीत.

बोरिंगचे पाणी मात्र पायाखालून येते. माळव्याचे पठार म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा काळा पाषाण, आपल्या महाराष्ट्रातल्या काळ्या खडकाचाच सख्खा भाऊ. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड उचलते आणि किंचित आम्ल बनते. ते खडकाच्या फटींतून सावकाश उतरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेते. हे क्षार बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असतात, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी तापले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विद्राव्य बायकार्बोनेटचे अविद्राव्य कार्बोनेट होते. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. या चुनखडीचे उलटे आहे. म्हणूनच तिचा थर नेमका सर्वांत तापलेल्या जागी, गीझरच्या तापणाऱ्या नळीवर बसतो. नळी तापते, निवते, प्रसरण-आकुंचन पावते आणि थराचे पापुद्रे सुटून बादलीत येतात.

हे सारे मी आजींना समजावून सांगत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, मग आमच्या बंबात काय व्हायचं? विहिरीचं पाणी होतं. दर दिवाळीला बंबाच्या आतून खपल्या काढायच्या मी, चिंच लावून. आणि या बोरिंगच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे मी सूनबाईला पहिल्याच दिवशी सांगितलंय.”

मी थक्क झाले. चिंचेतले आम्ल आणि माझे व्हिनेगर, दोघांचे काम एकच. डाळ न शिजण्याचे कारणही तेच, कॅल्शियममुळे डाळीतले पेक्टिन घट्ट होऊन बसते. आजींपाशी निदान तयार होते, फक्त ते स्वयंपाकघराच्या भाषेत होते आणि गीझरबद्दल त्यांना कोणी विचारले नव्हते. आमच्या कन्नड मैत्रिणींच्या घरी बच्चलमध्ये तांब्याचा हंडा असे. त्यांच्याही आज्यांना हे ठाऊक असणार.

पुढचे काम सोपे होते. दुसरा कारागीर बोलावला. वीज मुख्य बटणापासून बंद केली, पाणी निवू दिले, टाकी रिकामी केली आणि मगच नळी बाहेर काढली. ती पांढऱ्या खडीने माखली होती. पाणी तापायला वेळ आणि वीज जास्त का लागते, हे दादाला तिथेच कळले. सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या, कोमट द्रावणात नळी बुडवून ठेवली. तासाभरात बरीचशी खडी उतरली. फरशी धुण्याचे तीव्र ॲसिड कारागिराने मुद्दाम टाळले; ते धातूही खाते. मॅग्नेशियमची झिजलेली कांडी बदलली. तापमानाची खूण ७५ अंशांवर होती, ती ६० वर आणली, कारण पाणी जितके कढत तितका थर जलद. टाकी आतून शाबूत होती. नव्या गीझरचा खर्च वाचला.

राहिली बाळाची काळजी. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. भारतीय मानकात (२०१२) लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. तेव्हा कण विषारी नव्हेत. पण दुष्फेन पाण्यात साबणाचा चिकट साका बनतो, तो अंगावर राहतो आणि कातडी कोरडी वाटते. बाळाचे अंग तपासणे हे डॉक्टरांचे काम. पण साबण कमी लावून शेवटचा तांब्या नर्मदेच्या पाण्याचा घालायला कोणाची हरकत असणार?

खरा उपाय मात्र पाण्याच्या वाटणीचा होता. दोन्ही पाणी घरात होतेच. काकांनी नळजोडणी फिरवून घेतली. आता स्वयंपाकघर आणि दोन्ही गीझर नर्मदेवर, तर अंगण, संडास आणि फरशी बोरिंगवर. नर्मदेच्या पाण्यातही क्षार आहेतच. बाटलीत साबण घालून हलवून पाहिले तर बोरिंगपेक्षा फेस बराच अधिक, पण प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातित पाण्याइतका नाही. म्हणून वर्षातून एकदा गीझर उघडून पाहायचे ठरले. वहिनीने पातेले खालीच ठेवले.

जे पाणी ७० किलोमीटरवरून डोंगर चढून येते, त्याने आजवर खालचे अंगण धुतले जात होते, आणि बाळाला मात्र बोरिंगचे पाणी मिळत होते. यात कोणाचा दोष नव्हता. टाक्या जशा बसवल्या तशा राहिल्या, इतकेच. आपल्याकडेही आता गल्लोगल्ली कूपनलिका झाल्या आहेत. तुमच्या घरच्या नळाला कोणते पाणी येते आणि ते कोणत्या कामाला जाते, हे एकदा गच्चीवर जाऊन पाहा. आणि जाण्याआधी घरातल्या आजीला विचारा.