पाठीतला तो कट्ट!

मानेवर हात ठेवा. आत्ताच! मान थोडी पुढे झुकवा आणि बोट हळूहळू खाली आणा. लागला ना एक मोठा उंचवटा? तो बहुतेक तुमच्या मानेचा सातवा मणका! मानेत सातच मणके असतात, आणि ऐका, जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच! मी डॉक्टर नाही, वैदू नाही, वांगणीत भात-नाचणी करणारी बाई. पण परवापासून घरात जो दिसेल त्याची पाठ मोजत सुटलेय!

झालं असं, की आवणीत कमरेत उसण भरली. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावली, आणि मग घरी येऊन हंडा उचलायला गेले तर अशी चमक निघाली की हंडा राहिला तिथंच! शेजारची मावशी पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. तिने रीतीप्रमाणे कमरेला तीनदा पाय लावला. बरं वाटलं, पण दुपारपर्यंतच. आणि मग जव्हारला डॉक्टरांना दाखवलं, आणि मग मोखाडा, त्र्यंबकचा घाट करत एसटीने नाशिकला भावाकडे, आणि मग त्याच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे, आणि मग त्यांनी मला कुशीवर झोपवलं, वरचा गुडघा वाकवला, खांदा मागे, कंबर पुढे, म्हणाल्या, “श्वास सोडा,” आणि श्वास सुटतोय तोच, कट्ट!

उठून उभी राहिले. सरळ!

“हाड बसलं ना जागेवर?” मी विचारलं.

“हाड जागेवरच होतं हो!”

मग आवाज कसला? वंगणाचा! सांध्यात एक चिकट पाणी असतं, त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा झटकन ताणला की आतला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. सोडावॉटरच्या बाटलीचं बूच काढल्यावर बुडबुडे येतात ना, तसंच! २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका माणसाने एमआरआय यंत्रात बोटं मोडून घेतली आणि ही पोकळी होताना चित्रात पकडली गेली! एमआरआयमध्ये बोटं मोडायची, कुणाला सुचलं असेल हो हे!

आणि आराम? ताणाची खबर नसांमधून मेंदूकडे जाते, गच्च आवळलेले स्नायू सैल पडतात, दुखणं काही काळ मागे सरतं. एवढंच! म्हणून बाईंनी व्यायामही दिला, आणि तो करायचाच!

अमेरिकेत या हातांच्या उपचाराचं मोठं शास्त्र करून ठेवलंय, कायरोप्रॅक्टिक नावाचं. १८ सप्टेंबर १८९५, डेव्हनपोर्ट गाव. डी. डी. पामर नावाच्या माणसाने, जो आधी किराणा विकायचा, हार्वी लिलार्ड नावाच्या झाडलोट करणाऱ्याच्या पाठीतला मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं म्हणे! पामरच्या मते बहुतेक सगळे आजार मणके सरकल्याने होतात. हे मला पटत नाही. कानाची नस पाठीतून जातच नाही! पण कंबरदुखीला या दाबण्याने थोडा आराम पडतो, साधारण व्यायामाइतकाच, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलंय.

माझ्या मानेला मात्र बाईंनी झटका दिला नाही. का, तर मानेच्या मणक्यांना बाजूला भोकं असतात आणि त्यातून मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या वर जातात! हाडातून ओवलेल्या रक्ताच्या नळ्या! तिथे झटका चुकला तर क्वचित, पण फार वाईट होऊ शकतं. आणि पाय बधिर पडला, लघवीवरचा ताबा गेला किंवा पडून मार लागला असेल तर कुणाकडून कंबर मोडून घ्यायची नाही, तडक दवाखाना!

मला सगळ्यात आवडलं ते हे. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. म्हणजे चुंबळच की! आपण हंड्याखाली डोक्यावर एक ठेवतो आणि आत पाठीत एकाखाली एक तेवीस चुंबळी आधीपासून ठेवलेल्या! दिवसभर भार पडून त्यांतलं पाणी थोडं पिळून निघतं आणि रात्री आडवं झालं की पुन्हा भरतं, म्हणून सकाळी माणूस जवळजवळ एक सेंटिमीटर उंच असतो. पोराला दाराच्या चौकटीशी उभं करून खूण केली. झोपेतून उठल्याउठल्या एक, संध्याकाळी एक. फरक आहे! खरंच आहे!

घरी आले तर सासूबाईंनी दारातच अलाबला घेतली. माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, कडकडकड! मी ओरडलेच, “आई, पोकळ्या! पुन्हा मोडा!” पुन्हा मोडली तर आवाजच नाही! त्या घाबरल्या. मी सांगितलं, वायू पुन्हा विरघळायला साधारण वीस मिनिटं लागतात. आणि मग आम्ही दोघी ओट्यावर घड्याळ मांडून बसलो, आणि मग मावशीही आली, पोरंही आली, पाऊस पडतोय, चुलीवर भात शिजतोय, अठरा, एकोणीस, वीस, आणि मग सासूबाईंनी हात पुन्हा कानशिलांशी नेले आणि, कडकडकड!