पाठमोरी एलॉय

आवडत्या पात्राचा वेश स्वतःच्या हातांनी घडवायचा, तो अंगावर चढवायचा आणि काही काळ त्या पात्राच्या चालीने चालायचे, या कलेला कॉस्प्ले म्हणतात; वेश आणि अभिनय यांची सांगड घालणारी ही संज्ञा 1980च्या दशकात जपानमध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांच्या लेखनातून रूढ झाली. व्हिडिओ गेममधील पात्रे या कलेची कठोर परीक्षा घेतात, कारण त्यांचा पेहराव कोणत्याही शिंप्याने बेतलेला नसतो, त्याला वजन नसते, तो घामाने भिजत नाही आणि कितीही धावपळ झाली तरी त्याचा एकही टाका उसवत नाही. अॅमस्टरडॅमच्या गुरिल्ला गेम्स या संस्थेने 2017 मध्ये आणलेल्या ‘होरायझन झिरो डॉन’ या खेळाची नायिका एलॉय हिचा पेहराव मात्र या वजनहीन जगात जन्मूनही हातांची भाषा बोलतो, आणि म्हणूनच जगभरच्या कारागिरांना तो आपलासा वाटत आला आहे.

एलॉयचे जग दूरच्या भविष्यातले आहे. आज जिथे अमेरिकेतील कोलोरॅडो आणि यूटा ही राज्ये आहेत, तिथल्या डोंगरदऱ्यांत पशूंच्या आकाराची यंत्रे कळपाने हिंडतात, आणि नोरा जमातीने वाळीत टाकलेली ही मुलगी त्यांची शिकार करून त्यांचे पत्रे, तारा आणि भिंगे वेगळी करते. यंत्रांच्या अंगावरून मिळणारे धातूचे तुकडे तिथे चलन म्हणूनही वापरले जातात आणि बाणांसाठीही कामी येतात. तिच्या अंगावरचे कातडे, फर, विणलेले कापड आणि त्यांतून ओवलेल्या तारा हे सारे कुणीतरी निवडलेले, कापलेले आणि बांधलेले आहे. त्यामुळे तो वेश घडवणारी व्यक्ती हाती सुई-दोरा घेते तेव्हाच तिचा या भूमिकेत प्रवेश झालेला असतो.

यंत्राचा पत्रा म्हणून जे दिसते, तो बहुधा ईव्हीए फोम असतो, म्हणजे चपलांच्या तळव्यांत आणि व्यायामशाळेतल्या जाड चटयांत वापरला जाणारा हलका, रबरासारखा पदार्थ. तो कागदी साच्यावरून कापला जातो आणि हीट गनच्या उष्ण झोताखाली धरला की मऊ होऊन खांद्याची गोलाई घेतो. पात्याने त्यावर वरवर ओढलेली रेघ उष्णतेने उमलते आणि तिथे दोन पत्र्यांमधला सांधा दिसू लागतो. चुरगाळून उलगडलेला अॅल्युमिनियमचा कागद गरम फोमवर दाबला, तर त्याच्या सुरकुत्या फोमवर उमटतात आणि पाहणाऱ्याला जुन्या कातड्याचा भास होतो. जोडणीसाठीचा डिंक दोन्ही कडांना लावून किंचित सुकू द्यावा लागतो, आणि एकदा कडेला कड टेकली की ती पुन्हा सरकवता येत नाही, म्हणून त्या क्षणी हात स्थिर आणि नजर नेमकी असावी लागते.

खरी कसोटी रंग देताना लागते. नव्याकोऱ्या वेशात एलॉय दिसत नाही, कारण तो ऊन-पाऊस सोसलेला हवा. त्याला तसे रूप देण्यासाठी पातळ केलेला तपकिरी-काळा रंग सर्वत्र फासून लगेच पुसतात, म्हणजे तो केवळ खाचांत मळासारखा साचून राहतो, आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडांवर रुपेरी रंग ओझरता फिरवतात. हे मळवणे आंधळेपणाने करून चालत नाही. भात्याचा पट्टा खांद्यावर कुठे घासतो, प्रत्यंचा सुटताना मनगटाला कुठे चाटून जाते, गुडघा जमिनीला कुठे टेकतो, याचा विचार करूनच झीज रंगवावी लागते, आणि असा प्रत्येक ओरखडा त्या मुलीच्या आयुष्यातली एक हकिगत होऊन बसतो.

केसांनाही हाच न्याय लागू होतो. एकाच लाल छटेचा टोप उन्हात सपाट दिसतो, म्हणून त्यात दोन-तीन छटांच्या बटा मिसळाव्या लागतात आणि कृत्रिम तंतूंची चमक पावडरीने मारावी लागते. वेण्यांचा भरघोसपणा आणण्यासाठी वाढीव केसांचे झुपके गुंफले जातात, आणि गंगावन घालून वेणी घालणाऱ्या मराठी घरांना हे कसब नव्याने सांगण्याची गरज नाही.

तथापि खेळाडूंची एलॉयशी जी जवळीक जुळते, ती तिच्या पाठमोऱ्या रूपाशी. या प्रकारच्या खेळांत कॅमेरा पात्राच्या मागे, थोड्या उंचीवरून चालत असतो. त्यामुळे तासन्‌तास खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तिची पाठ, भाता, हलत्या वेण्या आणि त्यांच्या पलीकडचा डोंगर असतो. आरशात न दिसणारी ही बाजू घडवताना जो कंटाळा करत नाही, त्याला हे पात्र खरे उमगले आहे, आणि मान किंचित वळवून दूर पाहणारी पाठमोरी एलॉय टिपणाऱ्या छायाचित्रकारालाही ते तितकेच उमगलेले असते.

या खेळात छायाचित्रणाचीही सोय आहे: काळ थांबवता येतो, कॅमेरा हवा तसा फिरवता येतो आणि दिवसाचा प्रहरसुद्धा बदलता येतो. प्रत्यक्षात सूर्य कुणासाठी थांबत नाही. कलत्या उन्हाकडे पाठ करून उभे राहिले की लाल केसांची कड पेटून उठते, बाजूने येणारा मंद प्रकाश प्रत्येक टाका उठावदार करतो, तर समोरून मारलेला झगझगीत फ्लॅश फोमला पुन्हा फोम करून टाकतो. 85 मिलिमीटरच्या आसपासचे भिंग घेऊन जरा दूर उभे राहिल्यास अंगाची प्रमाणे बिघडत नाहीत आणि मागचे गवत विरघळून जाते. एलॉयच्या उजव्या कानाजवळ ‘फोकस’ नावाचे एक त्रिकोणी यंत्र असते. कॉस्प्लेमध्ये त्यात इवलासा एलईडी दिवा बसवतात. भर उन्हात तो दिवा दिसतच नाही, पण सूर्य मावळल्यानंतरच्या थोड्या अवधीत आकाशाचा उजेड आणि दिव्याचा उजेड तोडीस तोड येतात, आणि तेव्हा त्याची आभा कानशिलावरच्या केसांवर खरोखर पडते. ही आभा नंतर संगणकावर रंगवता येते हे खरे, पण त्याच हातासरशी त्वचेवरची धूळ आणि पट्ट्यावरची टीपही पुसण्याचा मोह होतो, आणि जे घडवायला इतके कष्ट पडले तेच छायाचित्रातून नाहीसे होते.

स्वतः एलॉय हेही एक जोडकामच आहे: तिचा आवाज अॅश्ली बर्च यांचा, तर चेहरा डच अभिनेत्री हॅना हुक्स्ट्रा यांच्यावरून घेतलेला. जिला मुळातच अनेकांनी मिळून घडवले, तिच्यासारखे दिसण्यासाठी कोणत्याही वर्णाच्या, वयाच्या किंवा बांध्याच्या माणसाला कुणाची परवानगी लागत नाही. तिच्याइतक्या निष्ठेने जोडत राहणे पुरते. पण अशा जोडकामाचे श्रेय सर्वांना मिळतेच असे नाही. 1939 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन चाहते भविष्यकालीन वेश करून आले, तेव्हा दोन्ही वेश डग्लस यांनीच शिवले होते, तरीही त्या दिवसाच्या आठवणींत अनेक वर्षे अॅकरमन यांचेच नाव पुढे राहिले. कॉस्प्लेच्या प्रत्येक छायाचित्राने ही उणीव भरून काढायला हवी: वेश करणाऱ्याच्या आणि छायाचित्रकाराच्या नावाशेजारी तो शिवणाऱ्याचे, रंगवणाऱ्याचे आणि केस गुंफणाऱ्याचेही नाव यावे, आणि त्यांचे काम चित्रात इतके स्पष्ट दिसावे की पाहणाऱ्याला स्वतःही काही घडवावेसे वाटावे.