माझ्या नावचा पगार

माझ्याच कंपनीतून मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, हे कळलं की लोक विचारतात, "अहो, कंपनी तुमचीच ना? मग पगार कसला? लागतील तसे घ्यायचे." प्रश्न साधा आहे. आमच्या घरात तर वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं.

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कराडजवळच्या गावात किराणा दुकान होतं. शाळेची फी, डॉक्टर, लग्नाकार्यातले आहेर, सगळं गल्ल्यातून. आप्पा प्रत्येक रक्कम रोजमेळात लिहायचे आणि मार्चअखेर हिशेबनीस ती सगळी 'उचल' या एका खात्याला टाकायचे. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात कायदा दुकान आणि दुकानदार वेगळे मानतच नाही. मालकानं स्वतःला पगार लावून तो खर्चात धरायची सोय नसते. आप्पा हिशेबाला चोख होते. पण त्या वह्यांत आई कुठेच नव्हती. ती पहाटे उठून शेंगदाणे निवडायची, पोत्यातली साखर तोलून अर्ध्या किलोच्या पुड्या बांधायची. दोऱ्याचा एक वेढा उभा, एक आडवा, अंगठ्यानं दाबून गाठ, की पुढची पुडी. दुपारी आप्पा जेवायला आत आले की गल्ल्यावर तीच बसायची. तिच्या नावाची उचलसुद्धा कधी पडली नाही. आमच्याकडची साखर बाजारपेठेपेक्षा थोडी स्वस्त असायची, याचा आप्पांना अभिमान होता. ती स्वस्ताई आईच्या हातांतून येत होती, आणि वर्षाअखेर नफा म्हणून जो आकडा निघायचा त्यात तिची न दिलेली मजुरी मिसळलेली होती, असं आज मला ठामपणे वाटतं.

पुढे मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला, पुण्यात नोकरीला लागले. पहिलं पगारपत्रक हातात आलं तेव्हा मूळ वेतन, घरभाडे भत्ता, भविष्य निर्वाह निधी अशा एकेका ओळीवरून बोट फिरवून पाहिलं होतं. माझ्या कामाला एक आकडा होता आणि तो कुणीतरी लिहून ठेवला होता.

2016 साली भोसरीच्या एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात कंट्रोल पॅनेल बनवायची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. निदान एक लाखाचं भांडवल दाखवण्याची अट आदल्याच वर्षी निघाली होती. संचालक मात्र दोन लागतात, म्हणून दुसरा नवरा. कागदपत्रं झाली आणि सीएंनी विचारलं, "मॅडम, तुमचा पगार किती धरायचा?" बाकी सगळ्यांचे पगार मी पटापट सांगितले होते. स्वतःचा सांगताना अडखळले. शेवटी नोकरीतल्या पगाराच्या निम्मा धरला. संचालकांच्या बैठकीत ठराव झाला, नेमणुकीचं पत्र निघालं. त्यावर कंपनीतर्फे नवऱ्याची सही, खाली 'मान्य' म्हणून माझी.

हा नुसता कागदी सोपस्कार नाही, हे मला एका खटल्यानं पटवलं. न्यूझीलंडमध्ये जेफ्री ली नावाचा वैमानिक होता. विमानातून शेतांवर खत टाकण्याचा त्याचा धंदा. 1954 साली त्यानं कंपनी काढली. 3000 शेअरपैकी 2999 त्याचे, कारभारही सगळा त्याचाच, आणि मुख्य वैमानिक म्हणून पगारावर नेमलेला माणूसही तोच. 1956 मध्ये काम करतानाच त्याचं विमान कोसळलं आणि तो गेला. त्याच्या विधवेनं कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. तिथल्या अपील न्यायालयाचं म्हणणं पडलं की हुकूम देणारा आणि ऐकणारा एकच असेल तर त्याला नोकर कसं म्हणायचं? 1960 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल फिरवला. कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, ली तिचा नोकर होता, त्याच्या बायकोला भरपाई मिळाली पाहिजे. या खटल्याचा संदर्भ वकील मंडळी कंपनी आणि मालक वेगळे आहेत हे सांगायला देतात. माझ्या मनात राहिली ती ही बाई. नवऱ्याची नेमणूक आणि पगार कागदावर होता, म्हणून तिला मागायला आधार मिळाला. माझ्या आईला काही मागायचं झालं असतं, तर तिनं कुठली वही दाखवली असती?

पगारासोबत बंधनं येतात, आणि ती मला आवडतात. दर महिन्याला माझ्या पगारातून 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2500. राज्यघटनेनं या कराला घातलेली मर्यादा तेवढीच आहे. वायरिंगच्या टेबलावरच्या मुलींना एप्रिल 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंतच्या पगाराला हा कर माफ झाला, तेव्हा पगारपत्रकात तो रकाना कोरा ठेवताना मला मनापासून आनंद झाला. मुलीच्या कॉलेजची फी भरायची तारीख आली आणि कंपनीच्या खात्यात ग्राहकाचे पैसे नुकतेच आलेले असले, तरी त्यांना हात लावता येत नाही. कंपनीनं संचालकाला कर्ज द्यायला कायद्याची आडकाठी आहे, आणि मोठ्या भागधारकानं अशी रक्कम घेतलीच तर आयकर खातं ती लाभांश धरून कर लावू शकतं. ते पैसे तांब्याचे असतात, स्विचगिअरचे असतात, कामगारांचे असतात. माझे एक तारखेला येतात, तेवढेच.

2020 च्या मार्चमध्ये गाळ्याला कुलूप लागलं. एप्रिल उजाडण्याआधी बैठक घेऊन माझा पगार निम्मा करायचा ठराव केला. घाई अशासाठी की पगार एकदा देय झाला की तो हातात पडो न पडो, त्यावर आयकर लागतो. सीए म्हणाले, "सगळाच सोडा ना, कंपनीला हलकं होईल." मी नाही म्हटलं. घरात बसून ग्राहकांकडे थकबाकीसाठी फोन, गावी गेलेल्या मुलांशी बोलणं, पुढच्या कामांची ड्रॉइंग, हे सगळं मी करतच होते. कंपनीकडे द्यायला पैसे नव्हते, म्हणून ते काम झालंच नाही असं वहीत लिहायचं? निम्मा पगार देणं म्हणून लिहिला, त्यावरचा कर मी भरला, आणि ती रक्कम पुढच्या वर्षी कंपनीनं मला हप्त्यांनी दिली.

आता पगार मी नोकरी करत असते तर मिळाला असता तेवढा आहे आणि तो प्रत्येक पॅनेलच्या दरात धरलेला असतो. त्यामुळे ऑर्डरी जातात. आमच्या आसपासचे बरेच पॅनेलवाले दिवसभर गाळा सांभाळून रात्री घरी ड्रॉइंग करतात आणि त्या रात्रींचं काही लावत नाहीत. त्यांचा दर माझ्यापेक्षा कमी बसतो. ग्राहकाला ते स्वस्त वाटतं; कुणाच्या तरी घरात त्याची भरपाई होत असते. मागच्या महिन्यात पाण्याच्या पंपांच्या पॅनेलची मोठी ऑर्डर अशीच गेली. मी दर उतरवला नाही.

एक हिशेब मात्र अजून राहिला आहे. नवरा दर रविवारी बसून कंपनीची खाती तपासतो, जीएसटीचे आकडे जुळवतो. तो कॉस्ट अकाउंटंट आहे. बायकोच्या कंपनीतून नवऱ्याला दिलेला पगार एरवी बायकोच्याच उत्पन्नात धरला जातो, पण व्यावसायिक ज्ञानाच्या बळावर मिळवलेला असेल तर तो त्याचाच राहतो. ही सूट त्याला लागू पडते. मी विषय काढला तर म्हणाला, "घरचंच काम आहे, राहू दे." आईसुद्धा अगदी हेच म्हणायची. एप्रिलच्या बैठकीत ठराव येणार आहे. आकडा त्यानंच सांगायचा आहे, आणि हेच काम बाहेरच्या एखाद्या ऑफिसला द्यावं लागलं असतं तर त्या ऑफिसनं जेवढे मागितले असते, तेवढेच त्यानं सांगावेत असं मी त्याला बजावलं आहे.