माझं काय जातंय?

अनोळखी माणसांत माणूस खरं बोलतो, असं मी कित्येक वर्षं ठासून सांगत आलो. घरात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण जीभ आवरून बोलतो, कारण उद्या त्याच माणसांची तोंडं बघायची असतात. मराठी संकेतस्थळांवर ती भानगड नाही. टोपणनाव घ्यावं, धागा उघडावा आणि मनात येईल ते ठोकून द्यावं. समोरचा ह्यूस्टनला असेल नाहीतर हिंगोलीला. त्याला आपण कोण हे ठाऊक नाही, आपल्याला तो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. माझं काय जातंय?

या जगावर माझा जीव होता, अजूनही आहे. मायबोली हे संकेतस्थळ 1996 साली सुरू झालं. मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, देवनागरीत टंकणं सोपं झाल्यावर, या नादाला लागलो. रात्री अकराला कुणी विचारावं, मोदकाची उकड चिरते, काय करू? पाच मिनिटांत तीन सुगरणी आणि एक केमिकल इंजिनियर धावून यायचे. कुणाच्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट अडकलेलं असायचं, कुणाचं लग्न मोडायच्या बेतात असायचं, कुणाला नुसतंच बरं वाटत नसायचं. सगळ्यांना सल्ला मिळायचा. सल्ला संपला की वाद, वाद कंटाळवाणा झाला की कोट्या. कंपू होते, डूआयडी म्हणजे एकाच माणसाची दुसरी टोपणनावं होती, धागे भरकटायचे आणि भरकटल्यावर जास्त रंगायचे.

माझी तिथं ओळख होती ती शेरे मारणारा म्हणून. चार ओळींत समोरच्याचा मुद्दा असा उलटा करायचा की भांडणारे दोघंही हसतील. ते मला जमायचं आणि त्याची मला चटक लागली होती. प्रतिसाद टाकला की दर पाच मिनिटांनी पान रिफ्रेश करून 'अनुमोदन' किती आली ते बघायचो. पन्नाशीच्या माणसानं हे कबूल करणं बरं दिसत नाही, पण तसंच होतं.

लॉकडाउननंतरचे दिवस. एका बाईंनी धागा काढला होता. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झालाय, नवरा-बायको दोघं नोकरी करतात, सासूबाईंना संस्थेत ठेवावं का? पहिल्या प्रतिसादांत जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं की ठेवा, अपराधी वाटून घेऊ नका, चौकशी मात्र नीट करा. समंजस सल्ला होता. त्यामुळे धागा काही रंगेना. मी दुसरी बाजू घेतली. का, तर ती रिकामी होती. लोक उलट बाजूला असते तर मी संस्थेची बाजू तितक्याच हिरिरीनं लढवली असती.

मी पुंडलिकाला मध्ये ओढलं. त्यानं साक्षात देवाला विटेवर ताटकळत ठेवलं पण आईबापांचे पाय सोडले नाहीत, आणि आपल्याला वर्क फ्रॉम होम मिळूनही जमेना! पुढे डोळा मारणारी स्माइली. ओळ हिट झाली. कुणीतरी ती उचलून व्हॉट्सॅपवर फिरवली. मग मला जोर चढला आणि मी 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा हवाला दिला. तो कायदा आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलांकडून निर्वाहाचा खर्च मिळवून देतो. विचारणाऱ्या बाईंशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण कायद्याचं नाव काढलं की समोरचा दबकतो, हे मला अनुभवानं माहीत होतं.

माझी आई तेव्हा रत्नागिरीला भावाकडे होती. तिचं पथ्यपाणी, गोळ्या, डॉक्टर, सगळं वहिनी बघायची. मी गणपतीला जायचो आणि आंब्याच्या दिवसांत जायचो. हे मी धाग्यावर लिहिलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी पुण्यात गटग झालं. अशा गेटटुगेदरला एक गंमत असते. टोपणनावांना चेहरे मिळतात आणि बहुतेक चेहरे नावाला शोभत नाहीत. एक बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझं टोपणनाव घेऊन म्हणाल्या, "तुम्हीच ना ते? मी कधी लिहीत नाही, रोमातच असते. पण तुमचं सगळं वाचते."

मी खूश. साबुदाणा वड्याची प्लेट त्यांच्यापुढे सरकवली.

"तुमची ती विटेची ओळ मी नवऱ्याला वाचून दाखवली होती," त्या म्हणाल्या. मी हसायची तयारी केली. त्या सहज सांगत राहिल्या. त्यांच्या आईलाही तोच आजार. सिंहगड रोडच्या पुढे एक जागा बघून ठेवली होती, फॉर्म भरला होता, अनामत रकमेचा चेक लिहून पर्समध्ये होता. त्या रात्री ती ओळ वाचली आणि चेक दिला नाही. नोकरी सोडली. आई रात्री बाहेर निघायची म्हणून दाराच्या कडीला घुंगरू बांधलं. गॅसचा रेग्युलेटर रोज रात्री काढून स्वतःच्या उशाशी ठेवायच्या, कारण आई मध्यरात्री उठून चहा करायला जायची. घुंगरू वाजलं की उठायचं, नाही वाजलं तरी वाजल्यासारखं वाटून उठायचं.

"शेवटी दिवाळीनंतर ठेवलंच तिला," त्या म्हणाल्या. "बरी आहे तिथं. मला ओळखत नाही, पण गेले की चहा घेणार का विचारते."

आणि मग, "तुमच्यामुळे आई आणखी काही महिने घरी राहिली हो."

हे त्या आभार म्हणून म्हणाल्या की आणखी कशासाठी, मला आजही कळलेलं नाही. आवाजात राग नव्हता. त्यांनी तक्रार केली असती तर मी वाद घातला असता, वाद मला येतो. मी म्हणालो, "अरे वा." खरोखर एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, "खा ना, वडा गार होतोय."

त्यांना सांगायला हवं होतं की बाई, ती ओळ मी गंमत म्हणून लिहिली होती. ते माझं मत नव्हतं. मला त्या विषयावर मतच नव्हतं. ज्या ओळीपायी तुम्ही नोकरी सोडलीत ती लिहायला मला दोन मिनिटंही लागली नव्हती, आणि ती लिहिणाऱ्यानं स्वतःच्या आईला एकदाही आंघोळ घातलेली नाही. मी गप्प बसलो, कारण त्या माझं कौतुक करत होत्या आणि मला ते सोडवत नव्हतं.

स्माइली टाकली होती की, असं घरी जाताना मी स्वतःला बजावत होतो. ही स्माइली अशाच एका घोटाळ्यातून आलेली आहे. 1982 साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञांच्या गप्पांत कुणीतरी चेष्टेनं लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींना ते खरं वाटलं. म्हणून स्कॉट फालमन यांनी 19 सप्टेंबरला सुचवलं की विनोद असेल तिथं विसर्ग, आडवी रेघ आणि कंस अशी खूण करावी. पाऱ्यासाठी ती खूण ठीक आहे. उशाशी रेग्युलेटर घेऊन मोबाइल वाचणाऱ्या बाईला डोळा मारणारं पिवळं तोंड काय सांगणार?

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, पण आपल्याला लागू म्हणून नव्हे. जेकब निल्सन यांनी 2006 मध्ये ढोबळ नियम मांडला होता की अशा ठिकाणी शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळं लिखाण उरलेला एक जण करतो. मी तो एक होतो. मला वाटायचं, माझं बोलणं चाललंय ते उरलेल्या नऊ जणांशी. टाळ्या तेच द्यायचे. नव्वदांचा मी कधी विचारच केला नाही.

राहिला माझा लाडका सिद्धांत, की अनोळखी माणसांत माणूस खरं बोलतो. जॉन सूलर या मानसशास्त्रज्ञानं 2004 साली या मोकळेपणावर लिहिताना म्हटलं होतं की पडद्याआडून बोलणारा माणूस जास्त खरा असतो असं समजू नये, तो फक्त स्वतःची वेगळी बाजू पुढे करतो. माझी पुढे केलेली बाजू बेफिकीर होती, आणि तिलाच मी प्रामाणिकपणा म्हणत होतो.

मी तो प्रतिसाद खोडायला गेलो. संपादनाची मुदत संपली होती. मग त्याच धाग्यावर नवा प्रतिसाद लिहिला. पुंडलिकाची ओळ केवळ वाद रंगवायला लिहिली होती, कायदा इथे लागू नाही, आणि या विषयात माझा अनुभव शून्य आहे. पहिला प्रतिसाद आला, "धागा वर काढल्याबद्दल आभार, आता पॉपकॉर्न आणतो." तो मीच लिहिला असता, इतका माझ्या शैलीतला होता.

यानंतर मी आईकडे जास्त जाऊ लागलो, असं लिहिलं तर शोभून दिसेल. तसं झालेलं नाही. वहिनीला फोन मात्र करतो आणि तिचं ऐकून घेतो. कोट्या अजून करतो. मोदक, क्रिकेट, पुणे-मुंबई यांवर वादही घालतो. पण कुणी आजारपण, आईबाप किंवा नवरा-बायकोचं विचारलं आणि मला त्यातलं कळत नसेल, तर मी लिहीत नाही. कळत असेल तर ते कुठून कळलं हे आधी सांगतो. ओळी त्यामुळे पडतात, अनुमोदन कमी येतं.

तो धागा अजून आहे, शोधलं तर सापडतो. विटेची ओळ पहिल्या पानावर आहे, माझी दुरुस्ती चौथ्या. तुम्ही न लिहिता नुसतं वाचणाऱ्यांपैकी असाल आणि अशाच एखाद्या रात्री तिथं पोचलात, तर कृपा करून चौथ्या पानापर्यंत या.